सायलेन्सर कापून घाट चढत नाही

सोलापूर-धुळे महामार्ग येरमाळ्यातून जातो आणि बार्शी-कळंबची वाहतूकही इथेच त्याला मिळते. या पट्ट्यातलं सोयाबीन, दूध, टोमॅटो, भूमकडचा खवा, आठवडी बाजाराला निघालेली उस्मानाबादी शेळी, सगळं पिकअपच्या हौद्यातूनच बाहेर पडतं. बालाघाटाच्या चढांवर भरलेली गाडी ओढत नाही, ही पिकअपवाल्याची तक्रार खोटी नाही. खोटा आहे तो तिच्यावर मिळणारा सल्ला: सायलेन्सर कापा, आतला फिल्टर काढून टाका, सरळ पाइप बसवा, गाडी पळेल.

या सल्ल्यात तथ्याचा एक कण आहे, म्हणूनच तो खपतो. टर्बोचं चाक फिरतं ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर, आणि तेच चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. टर्बोनंतरची वाट मोकळी असेल तर चाक लवकर वेग घेतं, हे खरंच आहे. पण ताकद येते जळलेल्या डिझेलातून, आणि डिझेल किती सोडायचं हे गाडीचा संगणक ठरवतो. पाइप रुंद झाला म्हणून तो डिझेल वाढवून देत नाही. त्यामुळे धडधाकट गाडीत सायलेन्सर बदलून जो फरक पडतो तो बहुतांशी कानाला. मग पुढची पायरी येते ती ‘मॅपिंग’ची, म्हणजे संगणकाला फसवून डिझेल वाढवण्याची. हवा पुरी पडली नाही की ते जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन निघून जातं. पंपावर पैसे मोजून घेतलेलं इंधनच ते. शिवाय वायूंचं तापमान चढतं आणि त्याची झळ टर्बोला नि पिस्टनला बसते. गाडीची ओढ कमी होण्याची नेहमीची कारणं बहुधा सायलेन्सरच्या अलीकडेच असतात: शेतवाटेच्या धुळीनं बुजलेला एअर फिल्टर, टर्बोकडून येणारा चिरलेला होज, खराब झालेला इंजेक्टर. होज बदलायला फारसा खर्च येत नाही. पण त्याचा आवाज घुमत नाही, म्हणून त्याचं कौतुकही होत नाही.

डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, हा मात्र खरा तिढा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. बीएस-५ ची पायरी आपण गाळलीच. डिझेल मोटारींसाठी काजळीची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली, आणि फिल्टरशिवाय ती गाठणं जवळपास अशक्य. अडकलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. गाव ते शेत अशा आखूड फेऱ्या, बाजारात चालू ठेवलेलं इंजिन, चुकीच्या दर्जाचं ऑइल, यात ती उष्णता मिळत नाही आणि फिल्टर तुंबतो. नवा फिल्टर हप्त्यावर घेतलेल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तुंबलेला फिल्टर साफ करता येतो. आणि इशाऱ्याचा दिवा लागताच मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे महामार्गावर एका वेगानं गाडी चालवली, तर बहुतेक वेळा तेवढीही वेळ येत नाही. येरमाळेकरांच्या तर दारातच महामार्ग आहे.

दुसरा आक्षेप असा, की जुने ट्रक याहून जास्त धूर ओकतात, मग पिकअपवाल्यालाच का धरायचं? जुन्या ट्रकांवरही कारवाई हवीच. पण फिल्टर काढणं म्हणजे नवी गाडी विकत घेऊन तिला आपल्या हातानं जुनी करणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. तो धूर चालकाच्या मागे राहतो, चौकातल्या चहावाल्याकडे, एसटीची वाट पाहणाऱ्यांकडे, चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेसाठी रस्त्यानं चालणाऱ्या लाखोंकडे. एकेका गाडीचं हे ‘किरकोळ’ काम एकत्र केलं तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूरनियंत्रण यंत्रणा निकामी करण्यात आली होती.

आपल्याकडे कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड होऊ शकतो. पोलीस बुलेटच्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात, त्याचा फोटोही छान येतो. फिल्टर काढलेली पिकअप मात्र गोंगाट करेलच असं नाही. पीयूसीमध्ये डिझेल गाडीच्या धुराचा फक्त दाटपणा मोजला जातो, आणि बाकी इंजिन ठीक असेल तर फिल्टर नसलेली गाडीही त्यातून सुटू शकते. म्हणून नेदरलँड्स आणि जर्मनीनं २०२३ पासून तपासणीत कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. धाराशिवच्या आरटीओत पासिंगला येणाऱ्या बीएस-६ पिकअपखाली वाकून फिल्टर जागेवर आहे का, एवढं पाहायला तर यंत्रही लागत नाही. दंड मालकाबरोबर फिल्टर कापणाऱ्या गॅरेजलाही बसायला हवा. अमेरिकेनं धूरनियंत्रण निकामी करणारे किट बनवणाऱ्या-विकणाऱ्यांनाच धरलं. आणि त्याआधी फिल्टर साफ करण्याची सोय वाहन कंपन्यांनी कळंब-भूमसारख्या तालुक्याच्या गावी, ठरलेल्या आणि दर्शनी लावलेल्या दरात द्यावी. ती होईपर्यंत ग्राइंडरच स्वस्त पडणार.