रबराला किलोमीटर कळत नाहीत



शाळांना सुट्ट्या लागल्या की इंदूरच्या मराठी घरांतून गाड्या नाशिक-पुण्याकडे निघतात. टायरमध्ये हवा भरली जाते, एसी तपासला जातो, डिकीत शेवेची पाकिटं चढतात. बॉनेटखालच्या रबराकडे मात्र कोणी बघत नाही. या वेळी त्याबद्दलच बोलू.

आमच्या बाबांची गाडी ९ वर्षांची आहे आणि चाललीये जेमतेम २८ हजार किलोमीटर. बेल्ट आणि होज पाईप बदलून घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "अरे, गाडी चाललीच कुठे?" बहुतेक घरांत हेच ऐकायला मिळतं. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत. इंजिनची उष्णता, हवेतला ओझोन, झिरपलेलं तेल यांनी ते कडक होतं, भेगाळतं किंवा फुगतं. गाडी उभी असली तरी त्याचं वय वाढतच असतं.

इंजिनच्या बाजूच्या बेल्टला मेकॅनिक अजून 'फॅन बेल्ट' म्हणतात, जरी आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो. हा बेल्ट अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपसुद्धा. तो तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पंप त्याच्यावर असेल तर इंजिन तापू लागतं. होज फाटला तर कूलंट वाहून जातं. तशीच गाडी दामटली तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. काही हजारांत होणारं काम मग इंजिन खोलण्यावर जातं.

तपासणी घरीच करता येते. इंजिन बंद आणि पूर्ण थंड हवं. टॉर्च घेऊन बेल्ट बघा: कडेचे धागे सुटलेत का, काचेसारखी चकाकी आलीय का? नवे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत, टायरसारखे झिजतात. त्यामुळे भेग नाही म्हणून निश्चिंत राहू नका. एसी लावताच चीं-चीं आवाज येत असेल तर बेल्ट सैल किंवा झिजलेला असू शकतो. मग होज दाबा. लिबलिबीत, कडक किंवा क्लिपजवळ फुगलेला असेल तर बदलाच. जोडावर सुकलेल्या कूलंटचे डाग असतील तर तिथून गळती आहे, हे ओळखा.

बदलताना क्लिपा नव्या घाला, टेन्शनरचं बेअरिंग तपासायला सांगा, कूलंट भरल्यावर सिस्टिममधली हवा काढून घ्या. नुसतं नळाचं पाणी नको. आत गंज आणि क्षार धरतात. जुने पार्ट मागून घ्या. आमचा जुना होज बाबांनी स्वतः वाकवून पाहिला, तर क्लिपजवळ चीर पडलेली. वाद तिथेच संपला.

टायमिंग बेल्टचं प्रकरण वेगळं. काही इंजिनांत त्याजागी चेन असते. बेल्ट असेल तर तो झाकणाआड असतो आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मॅन्युअलमध्ये त्याची मुदत किलोमीटरमध्ये आणि बऱ्याचदा वर्षांतही दिलेली असते. जी आधी येईल ती पाळायची.

आणि सेंधव्यापुढे बिजासन घाटात तापमानाचा काटा चढलाच, तर एसी बंद करा, सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला आहेत. इथली गाडी आई-बाबा चालवतात, उज्जैनला दोघंच जाऊन येतात. पुढच्या वेळी घरी आलात की दहा मिनिटं काढून त्या गाडीचं बॉनेट उघडा.