‘बरं झालं नेलं’ म्हणणाऱ्यांसाठी

सीरियातल्या दुरा-युरोपोसचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. लुटारूंनी चाळण केलेल्या शहराचा उपग्रह-फोटो, शेजारी अमेरिकेतल्या संग्रहालयातली चर्चची भित्तिचित्रं आणि खाली एकच वाक्य: ‘बरं झालं वेळेवर नेली!’ आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो हात जोडलेल्या इमोजीसह पुढे ढकलला. थोडं थांबा.

फोटो खरा आहे. 2014 पर्यंत तटबंदीच्या आतला सुमारे तीन-चतुर्थांश भाग लुटारूंनी खणून काढला होता. आणि ते चर्चही साधंसुधं नाही. फरात नदीकाठच्या या शहरात कुणाचं तरी राहतं घर होतं. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात दोन खोल्यांमधली भिंत पाडून प्रार्थनेला दालन केलं आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं. कुंडावर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, शेजारच्या भिंतींवर पाण्यावर चालणारा येशू, खाट उचलून निघालेला बरा झालेला पांगळा. तेव्हा रोमन साम्राज्यात हा धर्म अजून अधिकृत नव्हता. त्याच तटाच्या कडेला, थोड्याच अंतरावर, ज्यूंचं चित्रांनी भरलेलं सभागृह होतं. सासानी फौज चालून आली तेव्हा रोमनांनी तट भक्कम करायला आतून मातीचा भराव टाकला, त्याखाली ही दोन्ही गाडली गेली. इ.स. 256 च्या सुमारास शहर पडलं, ओस झालं, आणि भरावाखाली चित्रं टिकली. 1920 मध्ये ब्रिटिश फौजेच्या शिपायांना खंदक खणताना या शहराच्या भिंतींवरची पहिली चित्रं दिसली. पुढे येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमीने उत्खनन केलं.

आता फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट. तेव्हा सीरियावर अंमल फ्रेंचांचा. सापडलेल्या वस्तूंची वाटणी झाली. चर्चची चित्रं येलला गेली, ज्यू सभागृहाची दमास्कसच्या संग्रहालयात. म्हणजे शहर एक, खोदकाम एक, वाटे दोन. दमास्कसच्या वाट्याचं काय झालं? युद्धात संग्रहालय बंद पडलं, 2018 मध्ये पुन्हा उघडलं, चित्रं जागच्या जागी! आणि येलची? बरीच फिकट पडली आहेत, काही तर निरखून पाहिल्याशिवाय कळतही नाहीत.

जागेवरच ठेवली असती तर वाचली नसती, हे मला मान्य आहे. पण पर्याय ‘मूळ जागा की अमेरिका’ एवढेच कुठे होते? दमास्कस होतंच की. सीरियन माणसाला आपला वारसा जपता येत नाही, हे आपण कशाच्या जोरावर ठरवलं?

शिवाय, ज्यांनी खड्डे खणले त्यांना शिव्या देणं सोपं आहे. माल विकत कोण घेतं? फरातकाठच्या उपाशी गावात प्राचीन नाण्यांचे शौकीन राहत नाहीत. ते श्रीमंत देशांत राहतात, आणि गिऱ्हाईक होतं म्हणून खड्डे पडले. त्याच देशांना वर ‘वारशाचे रक्षक’ म्हणून मिरवायचं?

उद्याच चित्रं पेटीत भरून परत पाठवा, असं मी म्हणत नाही. इतक्या नाजूक चित्रांना तो प्रवास झेपेल का, हे जाणकारांनी ठरवावं. पण मालकी सीरियाची, येल फक्त सांभाळणार, एवढा लेखी करार करायला चित्रं हलवावी लागत नाहीत. हात जोडायचेच असतील तर तो झाल्यावर जोडा.