'बायकी' रसायन, 'पुरुषी' रसायन: ही वाटणी कोणी केली?

"तिचे हार्मोन्स बिघडलेत," असं एकदा म्हटलं की बाईच्या रागाचं, दुखण्याचं खरं कारण शोधायची गरजच उरत नाही. पुरुषाने हात उगारला की "पुरुषाचं रक्तच गरम" ही सूट तयार असते. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: इस्ट्रोजेन बाईचं, टेस्टोस्टेरॉन पुरुषाचं, आणि ही वाटणी निसर्गाने केली. मैत्रिणींनो, निसर्गाच्या नावावर खपवलेली ही वाटणी जरा तपासून पाहू.

संप्रेरक रक्तातून शरीरभर फिरतं. पण त्याचं काम होतं ते ज्या पेशीत त्याला धरून घेणारं प्रथिन असतं तिथेच. या प्रथिनाला ग्राही म्हणतात. निरोप कितीही धाडा, घेणारं कोणी नसेल तर तो पोचत नाही. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या दोघांचेही ग्राही मासे, बेडूक, सरडे, पक्षी आणि सस्तन प्राणी या सगळ्यांत सापडतात, तेही नर आणि मादी दोघांत. इतकंच नव्हे, तर लॅम्प्रे या जबडा नसलेल्या प्राचीन माशाचा अभ्यास करून जो थॉर्नटन यांनी २००१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की या कुळातला सर्वांत जुना ग्राही इस्ट्रोजेनचाच असावा.

१९३४ मध्ये बर्नहार्ड झोंडेक यांना इस्ट्रोजेनचा मोठा साठा सापडला तो घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात. पुढे १९९३ मध्ये इस्ट्रोजेनचा एक ग्राही नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार झाले. माद्यांसारखे त्यांचे नरही वांझ ठरले. 'वांझ' हा शब्द मुद्दाम वापरते आहे. एरवी तो बाईसाठीच राखून ठेवलेला असतो. १९९४ मध्ये, हाच ग्राही काम करत नसलेल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली. त्याची उंची वाढतच होती आणि हाडं ठिसूळ झाली होती. म्हणजे पुरुषाच्या हाडांनाही 'बायकी' रसायन लागतं.

उलट बाजूही तशीच. बाईच्या बीजकोशात इस्ट्रोजेन बनतं तेच मुळी 'पुरुषी' म्हणवल्या जाणाऱ्या रसायनांपासून. डोळ्यांतल्या अश्रुग्रंथीत अँड्रोजेनचे ग्राही असतात. बाईच्या डोळ्यांतलं पाणी टिकायला 'पुरुषी' रसायनाचीही मदत होते. पाळी गेल्यावर अनेकींचे डोळे कोरडे पडून चुरचुरतात, त्यामागे या रसायनाची घट हेही एक कारण मानलं जातं.

नर-मादीत फरक नाहीच, असं माझं म्हणणं नाही. प्रमाणात फरक असतो, परिणामातही असतो. पण शरीरं ही दोन बंद खोल्या नाहीत, आणि रसायनावर लिंगाचा शिक्का मारला की त्याची किंमत बाया मोजतात.

स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिने ती मोजली. १९८५ मध्ये जपानमधल्या कोबे इथल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिच्या गुणसूत्रांच्या चाचणीत 'वाय' निघालं. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन होतं, पण त्याचा ग्राही काम करत नसल्याने शरीर त्याला दाद देत नव्हतं. तरी बातमी फुटली, शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले. तिने लढा दिला आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा धावायची परवानगी मिळाली. आपल्याकडे धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून वगळलं गेलं. क्रीडा लवादाने २०१५ मध्ये तो नियम स्थगित केला. तरी २०२५ मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी जनुकचाचणी सक्तीची केलीच. पातिन्योसारख्या शरीरांना त्यात सूट आहे. पण ती मिळवायची तर आपलं शरीर आणखी उघडं करून दाखवणं आलं. पुरुष गटात मात्र कोणाला आपलं पुरुषपण सिद्ध करावं लागत नाही.

आपल्या आरोग्य शिबिरांत, किशोरींच्या वर्गांत आपणही तक्ते लावतो: गुलाबी रंगात इस्ट्रोजेन, निळ्यात टेस्टोस्टेरॉन. ते तक्ते आधी बदलू या. मुलींना सांगू या की ही दोन्ही रसायनं दोघांची आहेत. आणि त्या वर्गात मुलग्यांनाही बसवू या. हात उगारण्याचं खापर रसायनावर फोडता येत नाही, हे त्यांनाही वेळेत कळायला हवं.