गोठ्याचे पाणी आणि गावाची खातेवही

गोठा धुतला की पाणी गटारात सोडून द्यायचे, ही अनेक खेड्यांतील जुनी रीत आहे. त्या पाण्याबरोबर शेण, मूत, वैरणीचा चुरा सगळेच वाहून जाते आणि पुढे ओढ्याला मिळते किंवा विहिरीत झिरपते. आम्ही कापडाचे व्यापारी. आठवडी बाजारांच्या निमित्ताने गावोगाव फिरणे होते. वाहते गटार आणि सिलिंडरच्या भावाची तक्रार, दोन्ही एकाच गल्लीत आढळतात.

गोबर गॅस काही नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली सांडपाण्यापासून गॅस काढला गेला होता. जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाची टाकी तयार केली व खादी ग्रामोद्योग आयोगाने ती खेड्यांत नेली. १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय योजना आली, २०१८ मध्ये ‘गोबरधन’ आली. योजनांची टंचाई कधीच नव्हती. तरीसुद्धा गंजलेले झाकण आणि आत उगवलेले गवत कित्येक गावांत पाहावयास मिळते. असे का व्हावे?

आमच्या मते याचे कारण हिशेबात आहे. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो आणि तो अर्ध्या किलोपेक्षाही कमी सिलिंडरच्या गॅसाइतके काम करतो. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरची बरोबरी करायला ८०० किलोच्या वर शेण लागते. हा आकडा अनुदानाचा अर्ज भरताना कोणी सांगत नाही. घरी दोनच जनावरे असलेल्याने मोठी टाकी बांधली तर ती उपाशीच राहणार.

पाण्याचेही तसेच. शेणाला साधारण तेवढेच पाणी पुरते. गोठ्याचे सगळे धुण टाकीत सोडले तर माल पातळ होतो. चाळीस दिवस मुरायला हवा तो वीस दिवसांत बाहेर पडतो आणि गॅस कमी मिळतो. म्हणून आधी शेण कोरडे उचलावे, मग थोडक्या पाण्यात गोठा धुवावा आणि तेच पाणी कालवायला घ्यावे. यात खर्च काही नाही, फक्त सवय बदलावी लागते. सवय बदलणे कर्ज फेडण्याहून अवघड, ही गोष्ट वेगळी.

सामुदायिक संयंत्राचा प्रश्न मात्र खरा नाजूक आहे. कर्नाटकातील पुरा या गावी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने असा प्रयोग केला. सर्वांच्या चुलीला पुरेल इतके शेणच गावात नव्हते. तेव्हा १९८७ मध्ये तोच गॅस इंजिनाला देऊन वीज काढली. गावाला पिण्याचे पाणी मिळाले, घरात दिवे लागले. आणलेले शेण तोलले जाई, आणून देण्याचे किलोमागे २ पैसे मिळत आणि गाळ ज्याचा त्याला परत जाई. हा व्यवहार आम्हाला पटतो. थान मोजल्याखेरीज आम्ही ते दुकानात घेत नाही, मग शेण का घ्यावे? गुजरातेत आणंद जिल्ह्यातील मुजकुवा येथे बायकांच्या घरोघरी लहान टाक्या आहेत, आणि चुलीपुरता गॅस घेऊन उरलेली स्लरी त्या आपल्या सहकारी संस्थेला विकतात. खरा माल स्लरीच आहे. गोवरी जाळली की त्यातला नत्र धुरात जातो. टाकीत मुरवले तर तो बहुतेक सगळा खतात राहतो.

पण ज्याच्याकडे जनावरच नाही त्याचे काय? रस्त्यावरचे, रानातले शेण आजवर गरीब बाई फुकट वेचून आणत होती. त्याच्या गोवऱ्यांवर तिची चूल पेटत होती, चार गोवऱ्या विकून मीठमिरची येत होती. शेणाला भाव आला की मालक ते उचलू देणार नाही. टाकी बागायतदाराच्या दाराशी आणि धूर मात्र भूमिहीनाच्या डोळ्यांत, अशी ही योजना व्हायला वेळ लागणार नाही. सरकारी अधिकारी या गोष्टीची चौकशी क्वचितच करतात.

ज्या ग्रामपंचायतीला अनुदान घ्यायचे असेल तिने आधी तीन गोष्टी ठरवाव्यात. शेण कोणीही आणले, मालकाने किंवा वेचणाऱ्या बाईने, तरी दर एकच असावा आणि पैसे तिच्या हातात रोख मिळावेत. गावच्या पाण्याच्या पंपाला गॅस लागत असेल तर पाणी सर्व वस्त्यांना जावे. आणि तोलाची वही दर शुक्रवारी किंवा बाजाराच्या दिवशी चावडीवर उघडी ठेवावी, म्हणजे ज्याला वाचता येते तो वाचेल आणि ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवील.