वेळेवर केलेली माया

मांजरांच्या नियंत्रणाचा विषय काढला की माझ्या निम्म्या मैत्रिणी नाराज होतात. घरी माझीही मांजर आहे आणि संध्याकाळी ती मांडीवर येऊन बसल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. तरीही लिहिते आहे, कारण या बाबतीत आपण जी चालढकल करतो ती आधी पाखरांच्या आणि शेवटी मांजरांच्याच जिवावर बेतते. मॅरियन बेटावर हे घडून गेलं आहे.

मॅरियन हे दक्षिण आफ्रिकेचं बेट. केपटाऊनच्या आग्नेयेला सुमारे दोन हजार किलोमीटरवर, थंडगार वाऱ्यापावसातलं. माणसं म्हणाल तर हवामान केंद्रातली मोजकी. सीलची शिकार करणाऱ्या जहाजांतून एकोणिसाव्या शतकात तिथे उंदीर पोहोचले होते. केंद्रात त्यांचा उच्छाद सुरू झाला म्हणून १९४९ मध्ये पाच मांजरं नेण्यात आली. त्यांची पिल्लं बेटभर पसरली आणि रानटी झाली.

त्या बेटावर पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून राहतात. मादी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू बिळात आत खोल बसलेलं असतं आणि आईबाप त्याच्यासाठी समुद्रावरून खाणं आणतात. स्कुआ नावाच्या शिकारी पक्ष्याच्या भीतीने यांतल्या बऱ्याच जाती काळोख पडल्यावरच परततात. लाटांवरून लीलया उडणारा पेट्रेल जमिनीवर मात्र धड चालूही शकत नाही, पोटावर रेटत रेटत बिळाचं तोंड गाठतो. आकाशातल्या शत्रूपासून अंधार त्याला वाचवत होता. अंधारातही पाहू शकणारा, बिळाशी दबा धरून बसणारा शत्रू त्याच्या कुळाने कधी पाहिलाच नव्हता. १९७० च्या दशकातल्या अंदाजानुसार मॅरियनवरची मांजरं वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पक्षी मारत होती. १९७७ पर्यंत मांजरांची संख्या सुमारे ३४०० झाली. डायव्हिंग पेट्रेलची एक जात तर बेटावरून नाहीशी झाली.

पुढचं वाचताना पोटात कालवतं. १९७७ मध्ये मांजरांत पॅनल्युकोपेनिया या रोगाचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. पाच वर्षांत संख्या सहाशेच्या घरात आली, पण उरलेल्यांवर रोगाची मात्रा चालेना. मग १९८६ पासून माणसं रात्री बॅटरीच्या झोतात बंदुका घेऊन बेट पालथं घालू लागली. पुढे सापळेही लावले. १९९१ मध्ये शेवटचं मांजर संपलं. पेट्रेलची पिल्लं पुन्हा जगू लागली.

हे करणाऱ्यांना मी क्रूर म्हणणार नाही. नसबंदी केलेलं मांजरही शिकार करतंच, आणि तिथल्या पक्ष्यांकडे मांजरं म्हातारी होऊन मरण्याची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. पण सुरुवातीची पाच मांजरं पिंजऱ्यात घालून परत नेता आली असती. तेव्हा कुणाला ते गरजेचं वाटलं नाही, आणि त्याची भरपाई हजारो मांजरांनी हालहाल होऊन केली. ज्या उंदरांसाठी हा खटाटोप झाला ते अजून तिथेच आहेत. आता ते अल्बट्रॉसच्या पिल्लांना जिवंत कुरतडतात, आणि हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून त्यांना संपवण्याची तयारी चालू आहे.

आपण बेटावर राहत नाही. आपल्याकडे रानमांजर आहे, वाघाटी आहे, इथल्या पाखरांना मांजरकुळाची ओळख आहे. भटक्या मांजरांना मारणं इथे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण पिल्लं नकोशी झाली की पोत्यात घालून लांब सोडून यायची आपली जुनी खोड गेलेली नाही. पूर्वी मंडईत सोडायचे, आता टेकडीच्या पायथ्याशी, फार्महाउसमागच्या रानात सोडतात. तिथे टिटवी आणि तित्तर जमिनीवरच अंडी घालतात, सरडे आणि पाली मांजराच्या तोंडी सहज लागतात. रानमांजर पोट भरण्यापुरतंच रान राखून असतं. गावातल्या मांजरांना मात्र माणूस खाऊ घालतो, त्यामुळे रान पेलू शकेल त्याहून कितीतरी जास्त मांजरं एका जागी जगतात, आणि पोट भरलेलं मांजरही झडप घालायचं सोडत नाही. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत मोडणारी वाघाटी आपल्या सह्याद्रीत आणि उसाच्या फडांत राहते. तिला पाळीव मांजरांकडून रोग लागण्याचा आणि संकराचा धोका आहे. मॅरियनवर सोडलेला पॅनल्युकोपेनिया आपल्या गल्लीतही फिरतो. डॉक्टर आपल्या मांजरीला जी लस देतात त्यात त्याच रोगाची लस असते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते आणि पुढे दोन महिन्यांत पिल्लं घालते. ऑपरेशन त्याआधीच करून घ्या. लस द्या. रात्री आणि पहाटे तिला घरात ठेवा, खिडक्यांना जाळी बसवा. सोसायटीत मांजरांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांच्या नसबंदीचीही जबाबदारी घ्यावी. एखाददुसरी मांजरी राहून गेली तरी वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न. महापालिकेकडे कुत्र्यांइतक्याच नेटाने मांजरांच्या नसबंदीचाही आग्रह धरू या. आणि रानाच्या कडेला पिल्लं सोडणाऱ्याला, तो कितीही जवळचा असला तरी, तिथल्या तिथे अडवा.

बंदूक आणि विषाणू हे उशीर झाल्यावरचे उपाय आहेत. मांजरांवर ते वापरण्याची पाळी कुणावर येऊ नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनीच नियंत्रणाची मागणी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात करायला हवी.