छायाचित्राला बसण्यापूर्वी

दिवाळीची सुट्टी असो, लग्नाचा मांडव असो वा आजीचे सहस्रचंद्रदर्शन. घर भरले की कोणीतरी म्हणतेच, ‘सगळे आहोत तोवर एक फोटो होऊन जाऊ दे.’ पुढचा अर्धा तास धावपळीचा असतो. कोणाची साडी सापडत नाही, कोणाचे मूल रडू लागते, आणि आजोबा मात्र सांगितलेल्या जागी मुकाट्याने उभे असतात. आरोग्याच्या पाक्षिकात छायाचित्राचा विषय कशासाठी, असे आपणांस वाटले असेल. त्याचे उत्तर या उभ्या असलेल्या आजोबांपाशीच आहे.

सहस्रचंद्रदर्शनाचेच उदाहरण घेऊ. एक हजार पौर्णिमा म्हणजे जवळजवळ ८१ वर्षे. त्या दिवशी सत्कारमूर्ती पहाटे उठलेली असते. मग होमाचा धूर, औक्षण, वाकून नमस्कार करणाऱ्यांची न संपणारी रांग, आणि उशिरा झालेले जेवण. कुटुंबाच्या छायाचित्राची आठवण होते ती दुपारी तीनच्या सुमारास, जेव्हा त्या वयाच्या माणसाने आडवे व्हायला हवे असते. बराच वेळ एका जागी स्तब्ध उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि मेंदूकडे जाणारा पुरवठा कमी पडतो. संचलनात ताठ उभे असलेले धडधाकट जवानही यामुळेच कोसळतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धाला हा धोका अधिक. मधुमेह्याची गोष्ट तर उघडच आहे. गोळी वा इन्सुलिन घेतले आणि ‘फोटो झाला की जेवू’ म्हणून पान लांबले, तर घाम, थरथर आणि भोवळ ठरलेली.

म्हणून माझा आग्रह असा की, अशा समारंभाचे कुटुंबचित्र सकाळी, न्याहारी झाल्यावर आणि विधींना बसण्यापूर्वी काढावे. प्रकाशही तेव्हाच चांगला असतो. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणींत काळ्या सावल्या पडतात आणि प्रत्येक जण आजारी दिसतो. ओसरी, गच्चीची सावलीची बाजू किंवा मोठ्या खिडकीसमोरची जागा पुरते. आधी तरुण मंडळींच्या जागा निश्चित कराव्यात, कॅमेऱ्याची सिद्धता करावी, आणि वडीलधाऱ्यांना सर्वांत शेवटी आणून बसवावे. खुर्ची हाताची असावी, म्हणजे उठताना आधार मिळतो. आजोबांनी उभेच राहावे असा कोणाचाही हट्ट नसावा, अगदी आजोबांचाही.

पोशाखाचा विचार घरातील एका व्यक्तीपासून सुरू करावा, आणि ती व्यक्ती म्हणजे जिला कपडे बदलणे सर्वांत कठीण जाते ती. आजीला जी साडी अंगाला सोसते, मग ती मऊ सुती असो वा जुनी इरकल, तिचा रंग आधी पाहावा आणि बाकीच्यांनी त्याच्या आसपासचे रंग निवडावेत. जड पैठणी केवळ छायाचित्रासाठी नेसवून तिला घामाघूम करण्यात काहीच हशील नाही. सर्वांनी एकसारखा सदरा घालण्याची टूम निघाली आहे. मला ती शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी वाटते, पण ज्याची त्याची आवड. रंगांची जवळीक हवी, गणवेश नको. झगझगीत गुलाबी वा पोपटी कापड आपला रंग शेजारच्या हनुवटीवर टाकते. अगदी बारीक रेघा आणि चौकडी छायाचित्रात नागमोडी लाटांसारख्या उमटतात. जर फ्लॅशच्या झोताने चमकून डोळ्यांत भरते.

तान्ह्या मुलांची दैना मात्र पाहवत नाही. खणाचे झबले दिसते गोजिरे, पण आतून जरीची उलटी बाजू बाळाच्या मानेला टोचत असते. आत मऊ सुती अस्तर लावावे, नाहीतर ते कापड बाळाच्या अंगावर नव्हे, बाळाखाली अंथरावे. डोळ्यांत काजळ घालू नये, हे बालरोगतज्ज्ञांचे सांगणे छायाचित्राच्या दिवशीही लागूच असते. मधुमेह असलेल्या मंडळींनी नव्या चपला त्याच दिवशी पायांत घालू नयेत. पायांच्या संवेदना कमी झालेल्या असतील तर फोड आल्याचे रात्रीपर्यंत कळतच नाही. आणि चष्मा, श्रवणयंत्र, कवळी यांपैकी काहीही ‘फोटोपुरते काढून ठेवा’ असे कोणालाही सांगू नये. चष्म्याशिवाय आजोबा पायरी चुकतील, श्रवणयंत्राशिवाय सूचना ऐकू येणार नाहीत, आणि कवळीशिवाय आजी हसणार नाही. काचेवर उजेड चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांपाशी किंचित वर उचलाव्यात. काच खाली झुकते आणि चमक जाते.

आता बसण्या-उभे राहण्याविषयी. पणजोबांच्या पिढीची छायाचित्रे इतकी करडी का दिसतात? पॅरिसमध्ये १८३९ साली दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली, तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे निश्चल राहावे लागे. पुढे ही वेळ कमी झाली, तरी मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू उभा करीत. इतका वेळ हसू टिकवणे कोणालाही अशक्यच. आज कॅमेऱ्याला सेकंदाचा शतांशही पुरतो, पण तो टेकू आपल्या मानेतून अजून गेलेला नाही. ‘फोटो’ हा शब्द ऐकताच खांदे वर चढतात आणि श्वास रोखला जातो. तेव्हा एक दीर्घ श्वास सर्वांनी मिळून सोडावा. खांदे आपोआप उतरतात. उभे राहणाऱ्यांनी गुडघे ताठ आवळू नयेत, भार एका पायावर घ्यावा. मस्तके एका रेषेत नसावीत. कोणी बसलेले, कोणी उभे, कोणी जमिनीवर मांडी घातलेले असे चढ-उतार असावेत. उंच मुलांना खाली बसवण्यास अजिबात संकोचू नये. आजीचे हात मोकळे पडलेले वाईट दिसतात. त्यांत नातवाचा हात द्यावा, अर्थात नातवाची तयारी असेल तर. ओढून मिठी मारायला लावलेले मूल छायाचित्रात ओढलेलेच दिसते.

हसण्याची आज्ञा करू नये. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ साली दाखवून दिले की, ओठांचे स्नायू इच्छेने हलतात, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकुंचन पावतो तो सहसा आज्ञेला जुमानत नाही. घरातल्या गप्पिष्ट काकांना कॅमेऱ्यामागे उभे करावे, ते काम होते. पापण्यांचे गणितही झालेले आहे: ऑस्ट्रेलियातील पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी हिशेब मांडला की, वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागावे आणि तितकी छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे सर्वांचे डोळे उघडे असलेले एक तरी बहुधा मिळते. या गमतीदार कामाला २००६ साली इग नोबेल मिळाले. बारा माणसांना चार छायाचित्रे. उजेड कमी असेल तर दोनने भागावे.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘तू मागे उभी राहा, जाड दिसतेस’, ‘जरा पावडर लाव, काळवंडलीस’ अशी वाक्ये चौदा वर्षांच्या मुलीला भर घोळक्यात ऐकवली जातात आणि ती पुढे वर्षानुवर्षे छायाचित्राला उभी राहत नाही. कॅमेऱ्याचा अन्याय तिला समजावून सांगावा. हाताच्या अंतरावरून घेतलेले चित्र चेहऱ्याची प्रमाणे बिघडवते. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार १२ इंचांवरून टिपलेले नाक ५ फुटांवरून टिपलेल्या नाकापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. म्हणून छायाचित्रकाराने निदान दहा पावले मागे जावे आणि कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर धरावा. शिवाय आपला चेहरा आपल्याला आरशातलाच, म्हणजे उलटा, ठाऊक असतो; छायाचित्रातला सुलटा चेहरा आपल्याला परका वाटतो, इतरांना नव्हे.

आणखी एक पाहावे: चौकटीबाहेर कोण राहिले आहे? स्वयंपाकघरात अडकलेली सून, दर वेळी कॅमेरा हाती घेणारा जावई, ‘मी कशाला त्यात’ म्हणून कडेला सरकणारी विधवा आत्या. केमोथेरपीने केस गेलेली बहीण नको म्हणाली, तर तिला एकदाच, एकटीला गाठून आणि प्रेमाने विचारावे. रुमाल बांधून, टोपी घालून की तशीच, हे तिने ठरवावे, आणि नकार कायम असेल तर तो विषय तेथेच थांबवावा. चाकाच्या खुर्चीतील भावाला कडेला नव्हे, मध्ये घ्यावे आणि इतरांनी त्याच्या उंचीला यावे. ज्याला एका जागी थांबवत नाही अशा मुलासाठी सर्वांत शेवटचे दोन मिनिट नव्हे, सर्वांत पहिले राखावे.

घरात मृत्यू झाला की एकच शोधाशोध सुरू होते. चांगले छायाचित्र सापडत नाही, म्हणून एखाद्या लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करतात. तो अस्पष्ट असतो, आणि खांद्यावर कोणाचा तरी परका हात राहिलेला असतो. म्हणून सर्वांचे चित्र झाल्यावर, आजी-आजोबा खुर्चीत बसलेलेच असतात तेव्हा, बाकीच्यांनी बाजूला व्हावे आणि दोघांचे एकेक आणि जोडीचे एक असे छायाचित्र घ्यावे. यास पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि त्याचे कारण उच्चारण्याची गरज नसते.

त्यांतील एक कागदावर छापून घ्यावे. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने तारीख, गाव आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. शाईच्या पेनाने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उमटते. नावे आजीलाच विचारून लिहावीत.