कॅम नवा, मग स्प्रिंग कोणती?

जबलपूरच्या एका वाचकांनी विचारले आहे : ‘लिलावात घेतलेल्या जोंगाला जादा ताकदीचा कॅमशाफ्ट बसवायचा आहे. मिस्त्री म्हणतात, मिळतील त्या सर्वांत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा टाका, काळजी मिटेल. तसे करावे काय?’

मुळीच नको. जोंगा ही तुमच्याच गावची गाडी. निसानच्या परवान्याने बनणाऱ्या या गाडीचे नावच ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. तिचे उत्पादन १९९९ साली थांबले. तेव्हा तिचे सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे पेट्रोल इंजिन एकदा फुटले, की सुट्या भागांसाठी वणवण ठरलेली.

कॅमचा उंचवटा पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतो. तो मिटवण्याचे काम मात्र एकट्या स्प्रिंगचे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. ताकदीच्या कॅमचा उंचवटा सहसा अधिक उंच आणि त्याचा उतार अधिक तीव्र असतो. जुनी, थकलेली स्प्रिंग त्या उतारावर मागे पडते. व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, वेग वाढवताच ताकद गळते आणि प्रसंगी वर येणारा पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

पण अतिकडक स्प्रिंग म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर! तिचा दाब कॅम आणि टॅपेट यांना सोसावा लागतो. त्यांच्यामधला तेलाचा पातळ थर तुटला, तर नवा कोरा कॅम झिजतो. पुशरॉडही वाकू शकतो.

म्हणून निवड मापानेच करावी. व्हॉल्व्ह मिटलेला असताना आणि पूर्ण उघडल्यावर किती दाब हवा, हे कॅम बनवणाऱ्याकडून लिहून घ्यावे. स्प्रिंग टेस्टरवर त्या-त्या उंचीला तेवढाच दाब मिळतो का, ते पाहावे.

दुसरे, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकू नयेत. समजा, बसवलेल्या स्प्रिंगची उंची ४० मि.मी. आहे आणि व्हॉल्व्ह १० मि.मी. उघडतो. म्हणजे उरले ३०. सगळे वेढे टेकल्यावर स्प्रिंगची उंची २८.५ भरत असेल, तर दीड मि.मी. मोकळीक राहते, ती पुरेशी. उंची ३० च भरली, तर ती स्प्रिंग दुकानात परत करावी. इथे माप घ्यायचे ते व्हॉल्व्हच्या हालचालीचे, कॅमच्या उंचवट्याचे नव्हे. कारण रॉकर ती हालचाल वाढवतो.

तिसरे, स्प्रिंगवरची टोपी खाली व्हॉल्व्ह गाईडला लागत नाही ना, तेही तपासावे.

बाराही स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात. जोडणी झाली, की स्टार्टर मारण्यापूर्वी इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. कुठे अडले, तर जोर लावू नये, उघडून पाहावे. त्या दहा मिनिटांत तुमचे इंजिन वाचू शकेल.